फोन पडताना त्याला काय जाणवतं? मोबाइलमधल्या सेन्सरकडून समजून घ्या बल आणि गती

फोन आडवा धरला की व्हिडिओ आडवा होतो. खिशात ठेवून चाललात की पावलं मोजली जातात. गेममध्ये फोन तिरका केला की गाडी वळते. काही फोन तर अपघात झाल्याचं ओळखून स्वतःच मदतीसाठी कॉल लावतात. या सगळ्यामागे मुख्यतः एकच छोटासा सेन्सर काम करत असतो, तो म्हणजे अ‍ॅक्सिलरोमीटर. आणि तो ज्या नियमांवर चालतो ते तुम्ही शाळेत शिकलेले आहात. नववीच्या विज्ञानातला 'गतीचे नियम' हा धडा आठवतोय ना? तेच.

परीक्षेपुरते आपण ते नियम पाठ केले आणि सोडून दिले. पण मित्रांनो, तुमच्या फोनची स्क्रीन फुटणार की वाचणार, पावसात गाडी वेळेत थांबणार की घसरणार, हेल्मेट नक्की काय करतं, या सगळ्याचं उत्तर त्याच नियमांमध्ये आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे आज आपण हा विषय पुस्तकाऐवजी फोनच्या बाजूने समजून घेऊ. चला तर मग.

## आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

बल म्हणजे सोप्या भाषेत ढकलणं किंवा ओढणं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गडबड पुढे होते. आपल्याला मनातून असं वाटत असतं की एखादी वस्तू चालू राहण्यासाठी तिला सतत बल लावावं लागतं. सायकलचं पेडल थांबवलं की सायकल थांबते, म्हणजे बल संपलं की गती संपली. बरोबर वाटतं ना? पण ते तसं नाही.

कॅरम बोर्ड आठवा. पावडर न टाकता स्ट्रायकर मारला तर तो थोडं जाऊन अडकतो. पावडर टाकून तितक्याच जोरात मारला तर समोरच्या कडेला आपटून परत येतो. तुमचं बोट तर दोन्ही वेळा स्ट्रायकरपासून सुटलेलं होतं. मग फरक कशाने पडला? घर्षणाने. स्ट्रायकर 'बल संपलं' म्हणून थांबत नाही, तर घर्षणाचं बल त्याला मागे खेचतं म्हणून थांबतो. पावडरने घर्षण कमी केलं, म्हणून तो जास्त वेळ चालत राहिला. घर्षण पूर्ण शून्य करता आलं असतं, तर तो त्याच वेगाने सरळ जातच राहिला असता.

हाच न्यूटनचा पहिला नियम. न्यूटनने गतीचे तीन नियम १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात मांडले. थोडक्यात सांगायचं तर:

- पहिला: बाहेरून असंतुलित बल लागलं नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. या स्वभावाला जडत्व म्हणतात.
- दुसरा: बल लावलं की वेग बदलतो. वेग किती झपाट्याने बदलतोय त्याला त्वरण म्हणतात. बल = वस्तुमान × त्वरण.
- तिसरा: तुम्ही एखाद्या वस्तूला जितक्या बलाने ढकलता, तितक्याच बलाने ती तुम्हाला उलट ढकलते.

म्हणजे बलाचा संबंध वेगाशी नसून वेगाच्या बदलाशी आहे. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. कारण फोनमधला सेन्सरसुद्धा हा बदलच ओळखतो.

## फोनच्या आत एक वजन लटकलेलं आहे

अ‍ॅक्सिलरोमीटर ही जेमतेम काही मिलिमीटरची चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचाच कोरलेला एक अतिसूक्ष्म ठोकळा असतो आणि तो सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याला कंगव्यासारखे दाते असतात. हे दाते चिपच्या चौकटीला असलेल्या दुसऱ्या दात्यांमध्ये घुसलेले असतात, पण एकमेकांना चिकटत नाहीत. मधली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी.

आता बसचा विचार करा. तुम्ही बसमध्ये उभे आहात आणि ड्रायव्हरने अचानक गाडी पुढे काढली. तुमचे पाय बसबरोबर पुढे जातात, पण बाकीचं शरीर जडत्वामुळे जागेवरच राहायला बघतं, म्हणून तुम्ही मागे झुकता. चिपमधल्या ठोकळ्याचंही अगदी हेच होतं. फोन पुढे हलला की चौकट पुढे जाते, ठोकळा थोडा मागे राहतो आणि स्प्रिंग ताणली जाते. दात्यांमधली फट बदलते. फट बदलली की त्यांच्यामधली विद्युत धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, बदलते. चिप तो बदल मोजते आणि आकडा देते. अशी मापं तीन दिशांना घेतली जातात: डावी-उजवी, वर-खाली आणि पुढे-मागे.

म्हणजे तुमच्या खिशात एक छोटासा बस-प्रवासी कायम उभा आहे आणि तो किती झुकला हे सेन्सर सांगतोय, असं समजा.

## टेबलावर पडलेला फोन ९.८ का दाखवतो?

इथे खरी गंमत आहे. टेबलावर शांत पडलेल्या फोनचं त्वरण किती? शून्य, कारण तो हलतच नाहीये. पण सेन्सरचा आकडा बघाल तर तो असतो साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. याला १ जी असंही म्हणतात (फोर-जी, फाइव्ह-जी मधला जी नव्हे, हा गुरुत्वाकर्षणाचा जी). आणि फोन हवेतून खाली पडत असताना, म्हणजे वेग खरंच वाढत असताना, आकडा असतो जवळपास शून्य!

उलटं वाटतंय ना? कारण समजून घ्या. सेन्सर फक्त स्प्रिंग किती ताणली किंवा दाबली गेली एवढंच बघू शकतो. फोन टेबलावर असतो तेव्हा गुरुत्वाकर्षण ठोकळ्याला खाली ओढतं आणि स्प्रिंग त्याला वर धरून ठेवते. फोन टेबलावर जितका भार टाकतो, तितक्याच बलाने टेबल फोनला वर ढकलत असतं. ते वर ढकलणं चौकटीतून स्प्रिंगपर्यंत आणि स्प्रिंगमधून ठोकळ्यापर्यंत पोहोचतं. सेन्सरला जाणवतं ते हेच.

फोन पडायला लागला की चौकटही पडते आणि ठोकळाही पडतो, दोन्ही सारख्याच त्वरणाने. कुणी कुणाला धरून ठेवायची गरजच उरत नाही. स्प्रिंग सैल, आकडा शून्य. पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, हा विचार १९०७ साली आईनस्टाईनच्या डोक्यात आला आणि त्यातूनच पुढे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभा राहिला. तोच विचार तुमच्या फोनमधली चिप रोज अनुभवते.

याचा उपयोगही झालाय. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असायची आणि धक्का बसला की ती खराब व्हायची. आयबीएमने २००३ मध्ये आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर बसवला. धोकादायक हालचाल जाणवली की हार्ड डिस्कचं हेड तात्पुरतं सुरक्षित बाजूला नेलं जायचं.

आणि हो, स्क्रीन फिरते तीही याच ९.८ मुळे. तो आकडा तीनपैकी कोणत्या दिशेला जास्त येतोय हे बघितलं की 'वर' कुठे आहे हे फोनला कळतं.

## स्वतः करून बघा: तीन प्रयोग

यासाठी फायफॉक्स नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात ते तयार झालं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालतं. त्यात गुरुत्वाकर्षणासह त्वरण दाखवणारा पर्याय निवडा आणि रेकॉर्डिंग सुरू करा.

प्रयोग १: गादीवर पाडा. फोन जाड गादीच्या साधारण अर्धा मीटर वर आडवा धरा आणि सोडा. आलेखात ९.८ ची रेघ एकदम शून्याजवळ येईल, सुमारे ०.३ सेकंद तिथेच राहील आणि मग मोठं टोक दिसेल. शून्याचा भाग म्हणजे पडणं, टोक म्हणजे गादीने थांबवणं. (फरशीवर हा प्रयोग करू नका. का, ते पुढे गणितासह येतंय.)

प्रयोग २: लिफ्टमध्ये न्या. फोन लिफ्टच्या जमिनीवर सपाट ठेवा आणि वर जा. लिफ्ट निघताना आकडा ९.८ च्या वर जाईल, थांबताना खाली येईल. पण मधल्या वेळात, लिफ्ट पूर्ण वेगात असताना, आकडा परत ९.८ वर येईल. म्हणजे लिफ्ट सगळ्यात वेगात असते तेव्हाच सेन्सरला ती थांबल्यासारखी वाटते! एकसारख्या वेगासाठी जास्तीचं बल लागत नाही, हा पहिला नियम तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

प्रयोग ३: बस किंवा लोकलमध्ये. प्रवासी म्हणून बसलेले असताना फोन मांडीवर सपाट ठेवा, वरची कड प्रवासाच्या दिशेने. गाडी सुटताना एका बाजूला आणि ब्रेक लागताना विरुद्ध बाजूला आकडा जाईल. ड्रायव्हर चांगला आहे की धक्के देणारा, हे आलेख बघून सांगता येतं. गाड्यांच्या काही अ‍ॅपमध्ये ड्रायव्हिंगला मार्क देतात ते याच माहितीवरून.

## फरशी फोन फोडते, गादी वाचवते. असं का?

आता थोडं गणित. घाबरू नका, फक्त एक भागाकार आहे.

समजा २०० ग्रॅमचा फोन एक मीटर उंचीवरून पडला. खाली पोहोचेपर्यंत त्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतो आणि वेग होतो सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. हा वेग फरशीवर पडा किंवा गादीवर पडा, सारखाच. फोन वेगामुळे फुटत नाही. तो वेग किती अंतरात शून्य होतो यावर सगळं ठरतं.

सोपा नियम असा: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. जितकं उत्तर येईल, साधारण तितके जी फोनला सहन करावे लागतात. कारण एक मीटर अंतरात १ जी ने जो वेग मिळाला, तोच वेग आता थोडक्या अंतरात घालवायचा आहे. अंतर जितक्या पटीने कमी, बल तितक्या पटीने जास्त.

- फरशी: थांबण्याचं अंतर समजा १ मिलिमीटर. १ मीटर भागिले १ मिलिमीटर = १००० जी. २०० ग्रॅमच्या फोनवर सरासरी बल सुमारे १९६० न्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो वजनाइतकं. तेही कोपऱ्यावर पडला तर एका बिंदूवर.
- गादी: थांबण्याचं अंतर समजा ५ सेंटिमीटर. १०० भागिले ५ = २० जी. बल साधारण ४ किलो वजनाइतकं.

फोन तोच, उंची तीच, वेगही तोच, पण बलात ५० पटींचा फरक! कव्हर काय करतं ते आता कळलं असेल. कव्हर फोनला 'मजबूत' करत नाही. ते स्वतः दबतं आणि थांबण्यासाठी आणखी एक-दोन मिलिमीटर मिळवून देतं. १ चे २ मिलिमीटर झाले तरी बल निम्मं होतं. म्हणूनच कडक प्लास्टिकच्या दिखाऊ कव्हरपेक्षा कोपऱ्यांवर मऊ आणि जाड असलेलं कव्हर जास्त कामाचं.

## हेच गणित डोक्याला लावा

फोन फुटला तर काही हजारांचा खर्च. पण हाच भागाकार आपल्या डोक्यालाही लागू होतो आणि तिथे डिस्प्ले बदलून मिळत नाही.

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी घसरली आणि डोकं तेवढ्यावरून रस्त्यावर आदळलं असं समजा. डोक्याचं वस्तुमान सुमारे ५ किलो धरू.

- हेल्मेट नसताना: थांबण्याचं अंतर जेमतेम ३ मिलिमीटर धरलं, तर १५०० भागिले ३ = ५०० जी. बल जवळपास अडीच टन वजनाइतकं.
- हेल्मेट असताना: आतला फोम २५ मिलिमीटर दबला, तर १५०० भागिले २५ = ६० जी. बल सुमारे ३०० किलो वजनाइतकं.

हा अगदी ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्ष अपघात यापेक्षा गुंतागुंतीचे असतात. पण एक गोष्ट बघा: यात गाडीचा वेग कुठेच आलेला नाही! डोकं फक्त उंचीवरून खाली पडण्याचा हा हिशोब आहे. त्यामुळे "इथल्या इथे तर जायचंय, वीसच्या स्पीडने" हे कारण भौतिकशास्त्राला पटत नाही. उभ्या गाडीवरून पडलात तरी दीड मीटर हे दीड मीटरच. वेगात असताना समोर खांब, गाडी किंवा डिव्हायडर आला, तर त्याची भर वेगळी.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, हेल्मेटमधलं मुख्य काम बाहेरच्या टणक कवचापेक्षा आतला थर्मोकोलसारखा फोम करतो, म्हणून फोम नसलेली टोपीवजा हेल्मेट फक्त पोलिसांना दाखवायच्या कामाची. घेताना आयएस ४१५१ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय मार्क बघा. दुसरी, एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचा फोम आतून दबलेला असतो. तो परत फुगत नाही, त्यामुळे ते बदलायलाच हवं. तिसरी, पट्टा लावला नसेल तर डोकं आदळण्याआधीच हेल्मेट निघून गेलेलं असतं. मागे बसणाऱ्याचं डोकंही तितक्याच उंचीवर असतं, हे वेगळं सांगायला नको.

## ब्रेक गाडीला थांबवत नाही

दचकू नका. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतं ते रस्ता आणि टायर यांच्यातलं घर्षण. चाक रस्त्याला पुढे ढकलतं आणि रस्ता चाकाला मागे ढकलतो. तिसरा नियम! रस्त्याने ते ढकलणं नाकारलं, म्हणजे तेल, वाळू किंवा चिखल असेल, तर ब्रेक कितीही भारी कंपनीचा असला तरी उपयोग नाही.

चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणातून साधारण ०.७ जी इतकं थांबवणारं त्वरण मिळतं असं धरू, आणि ओल्या रस्त्यावर ०.४ जी. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद जातो असंही धरू. मग थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

- ताशी ४० किमी, कोरडा रस्ता: ११ + ९ = २० मीटर
- ताशी ६० किमी, कोरडा रस्ता: १७ + २० = ३७ मीटर
- ताशी ८० किमी, कोरडा रस्ता: २२ + ३६ = ५८ मीटर
- ताशी ६० किमी, ओला रस्ता: १७ + ३५ = ५२ मीटर

पहिला आकडा म्हणजे डोक्याने निर्णय घेईपर्यंत गाडी किती पुढे गेली, दुसरा म्हणजे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर. ४० वरून ८० म्हणजे वेग दुप्पट, पण ब्रेकचं अंतर ९ वरून ३६, म्हणजे चौपट. वेगाचा वर्ग होतो, ही गोष्ट आपल्या अंदाजात कधी बसत नाही. म्हणून "अजून थोडंच तर वाढवलंय" हा हिशोब नेहमी चुकतो.

आता यात फोन आणा. हँडलवर लावलेल्या फोनचं नोटिफिकेशन वाचायला २ सेकंद लागतात असं समजा. ताशी ६० ने त्या २ सेकंदांत गाडी ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे साधारण तीन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर तुम्ही न बघता कापलं. वरचे ३७ मीटर त्यानंतर सुरू होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. चाक फिरतंय तोपर्यंत टायरची पकड चांगली असते. ते लॉक होऊन घसरायला लागलं की घर्षण कमी होतं आणि दिशाही हातात राहत नाही. एबीएस हेच टाळतं. लॉक होऊ पाहणारं चाक सेन्सरने ओळखून तो ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो आणि पकडतो. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस घर्षण तयार करत नाही, असलेलं घर्षण नीट वापरतं. गुळगुळीत टायर घेऊन एबीएसवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

## घाटातलं वळण: तुम्हाला बाहेर कोण ढकलतं?

वळणावर बसमध्ये आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो असं वाटतं. प्रत्यक्षात कुणीही ढकलत नसतं. तुमचं शरीर पहिल्या नियमाप्रमाणे सरळ जायला बघतंय आणि बस तुमच्याखालून वळतेय, एवढंच.

वळायचं तर आतल्या बाजूला बल लागतं. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात आणि दुचाकीला ते पुन्हा टायर-रस्त्याच्या घर्षणातूनच मिळतं. किती लागतं? वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ४० ला सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण लागतं, ताशी ६० ला ५.६. ओला रस्ता जास्तीत जास्त ३.९ देऊ शकतो. म्हणजे ओल्या रस्त्यावर ४० ने तुम्ही आरामात वळाल, ६० ने गाडी वळणारच नाही, ती सरळ जाईल. मर्यादा येते ताशी ५० च्या आसपास. पावसाळ्यात पहिल्या सरींनी रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होते, तेव्हा ही मर्यादा आणखी खाली येते.

आणि वळणातच जोरात ब्रेक मारला तर? घर्षणाची एकूण ताकद ठरलेली आहे. तीच वळायलाही हवी आणि थांबायलाही. दोन्हीत वाटली की एकालाही पुरत नाही. म्हणून जुनेजाणते सांगतात, वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नको.

## सेन्सरच्याही मर्यादा आहेत

आता थोडं माझ्या क्षेत्राबद्दल. तुम्हाला वाटेल, त्वरण कळलं की त्यावरून वेग काढता येतो, वेगावरून अंतर काढता येतं, मग जीपीएसची गरजच काय? कागदावर बरोबर आहे. पण सेन्सरमध्ये थोडी तरी चूक असतेच. समजा फक्त ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी. दोन मिनिटांत त्या चुकीमुळे अंतर ७२ मीटरने चुकतं. दहा मिनिटांत तब्बल १.८ किलोमीटरने! वेळेचा वर्ग होतो ना. त्यामुळे मुंबईच्या कोस्टल रोडच्या सुमारे २ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या ठिकाणी जीपीएस गेल्यावर फोन थोडा वेळ अंदाजाने तुमचा ठिपका पुढे नेऊ शकतो, पण फार वेळ नाही. चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरमध्येही अ‍ॅक्सिलरोमीटर होते, पण त्यांच्या जोडीला उंची मोजणारे, वेग मोजणारे सेन्सर आणि कॅमेरे होते. एकट्या त्वरणावर कुणीच विसंबत नाही.

अपघात ओळखण्याचंही तसंच. साधारण फोनचे सेन्सर ८ ते १६ जी पर्यंत मोजतात, त्यामुळे मोठा धक्का त्यांच्या मापाबाहेर जातो. २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ मध्ये २५६ जी पर्यंत मोजणारा सेन्सर दिला गेला. तरीही अमेरिकेत रोलर कोस्टरवर बसलेल्यांच्या फोनवरून आपोआप इमर्जन्सी कॉल गेल्याच्या बातम्या आल्या. सेन्सरला फक्त धक्का कळतो, मजा की अपघात हे कळत नाही. त्यामुळे फोनमध्ये ही सोय असेल तर ती चालू ठेवा, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरून ठेवा, ११२ नंबर लक्षात ठेवा. पण हे सगळं धक्का बसल्यानंतरचं आहे. बल कमी करण्याचं काम सेन्सर करत नाही, ते हेल्मेट, टायर आणि कमी वेगच करतात.

जाता जाता, बुलेटसारख्या मोठ्या इंजिनच्या गाडीच्या हँडलवर फोन थेट लावत असाल तर सांभाळून. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातली लेन्स हलती असते. मोटरसायकलच्या सततच्या कंपनांनी अशी यंत्रणा खराब होऊ शकते, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माउंट घ्या.

## थोडक्यात लक्षात ठेवा

- बल वेग टिकवत नाही, वेग बदलतं.
- धक्का किती लागणार हे थांबण्याच्या अंतरावर ठरतं. अंतर वाढवा, बल घटवा.
- वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर आणि वळणाला लागणारं बल चौपट होतं.
- थांबणं आणि वळणं, दोन्ही रस्त्याच्या घर्षणावर. पावसात ते जवळपास निम्मं होतं.

लिफ्टचा प्रयोग आजच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि घरात कुणी नववी-दहावीला असेल तर त्याला किंवा तिलाही सोबत घ्या. आलेखातलं ते टोक एकदा डोळ्यांनी बघितलं की दुसरा नियम पाठ करावा लागत नाही.